असं कोणी करतं का?

रात्रीची जेवणे आटोपून घरातली मंडळी टीव्हीसमोर बसली आणि रहस्यपट लागला, की तासाभरात कोणीतरी एक वाक्य हमखास उच्चारते. ‘असं कोणी करतं का?’ नायिका हातात मेणबत्ती घेऊन एकटीच तळघरात उतरते, खुनी माणूस नेमका स्वतःचा रुमाल मागे विसरतो, साक्षीदार पोलिसांना सोडून खुन्यालाच फोन करतो, अशा वेळी हे वाक्य येते. आजोबा ते चष्मा पुसता पुसता म्हणतात, नातू मोबाईलमधून डोके वर न काढता म्हणतो. आणि एकदा ते म्हटले गेले, की चित्रपटाचा निकाल लागला असे समजायचे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांमध्ये ‘दृश्यम’वरून जो वाद रंगला, त्याच्याही मुळाशी हेच वाक्य होते. एका गटाचे म्हणणे असे, की यातली माणसे मोक्याच्या क्षणी इतके चुकीचे निर्णय घेतात की पुढचे काही खरेच वाटत नाही. दुसरा गट म्हणतो, त्यांनी चुका केल्या नसत्या तर चित्रपट झालाच नसता. वाद मधल्या सुट्टीत सुरू झाला, शिक्षकांच्या खोलीपर्यंत पोहोचला आणि तिथे तर तो आणखीच वाढला. आमचे मत कोणी विचारले नव्हते, तरी ते देण्याचा मोह आवरत नाही.

काही पालकांना आणि विश्वस्त मंडळींना वाटेल, शाळेच्या वार्तापत्रात खुनाच्या चित्रपटाची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. ‘दृश्यम’ पाहून आपण बेत रचला, असे आरोपींनी पोलिसांना सांगितल्याच्या बातम्या आम्हीही वाचल्या आहेत. (ते पकडले गेले, म्हणून तर त्यांची बातमी झाली, हेही विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.) परंतु मुले हा चित्रपट पाहतातच, आणि बहुधा आपल्याच शेजारी बसून पाहतात. मग त्यावर जे बोलायचे ते आपल्यासमोर बोललेले बरे.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ चित्रपट मल्याळम, जीतू जोसेफ यांचा, २०१३ सालचा. हिंदीत तो २०१५ साली आणला निशिकांत कामत यांनी. ‘डोंबिवली फास्ट’ करणारे हे आपले मराठी दिग्दर्शक २०२० साली फार अकाली गेले. हिंदी ‘दृश्यम’ गोव्यात घडतो. विजय साळगावकर हा चौथी नापास केबलवाला, चित्रपटांचे जबर वेड असलेला. बायको, दोन मुली, घर, थोडी बाग. थोरली मुलगी अंजू शिबिराला जाते. तिथे एक श्रीमंत घरचा मुलगा चोरून तिची चित्रफीत काढतो आणि नंतर ती दाखवून धमकावू लागतो. एका रात्री तो घराच्या आवारात येतो. आई त्याच्यापुढे हात जोडते, झटापट होते, अंजूच्या हातून घाव बसतो आणि मुलगा मरतो. तो निघतो गोव्याच्या पोलीस महानिरीक्षक बाईंचा एकुलता एक मुलगा. विजय त्या रात्री आपल्या कार्यालयात सिनेमे पाहत बसलेला. त्याला सगळे कळते ते घडून गेल्यावर. पुढे तो आपल्या कुटुंबाला कसे वाचवू पाहतो, ही कथा. शेवट आम्ही सांगणार नाही.

आता विद्यार्थ्यांनी काढलेल्या चुका पाहू. यादी लांब होती. त्यातल्या तीन आम्हाला महत्त्वाच्या वाटल्या.

पहिली, विजय पोलिसांत का गेला नाही? वकिली थाटात एका विद्यार्थिनीने हा मुद्दा मांडला आणि तो बिनतोड आहे. आपल्या शरीराचे रक्षण करण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेत होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आहे. मायलेकींच्या बाजूने कायदा उभा राहण्याची शक्यता बरीच होती. प्रेत पुरून, पुरावा नष्ट करून विजयने ती घालवली. कागदावर पाहिले तर हा शुद्ध मूर्खपणा. पण चित्रपटाचा पहिला अर्धा भाग दिग्दर्शकाने कशात घालवला आहे, ते आठवा. गावातला गायतोंडे नावाचा पोलीस, त्याची हप्तेबाजी, गरिबांवरची दांडगाई, विजयशी उडालेले त्याचे खटके. बऱ्याच जणांना हा भाग संथ वाटतो. आमच्या मते चित्रपटाची सगळी इमारत त्याच पायावर उभी आहे. ज्या माणसाला कायदा म्हणजे गायतोंडे एवढेच ठाऊक आहे, तो कायद्याकडे जाईल कसा?

दुसरी चूक, विजय मेलेल्या मुलाची गाडी दिवसाढवळ्या स्वतः चालवत घेऊन जातो आणि नेमका गायतोंडेच त्याला पाहतो. गाडी चालवणे समजू शकते; घरासमोर ती उभी ठेवणे त्याहून धोक्याचे. पण सगळ्या गावात पाहणारा तो एकच निघावा, हा योगायोग आहे आणि तो कथेच्या सोयीचा आहे. इथे आम्ही टीका करणाऱ्या गटाबरोबर आहोत. तरी पाहताना तो खुपत नाही, कारण तो नायकाला खड्ड्यात ढकलतो. नायकाला खड्ड्यातून वर काढणारा योगायोग असता, तर सगळे चित्रपटगृह हसले असते.

तिसरी चूक अंजूची. तिच्याकडे आम्ही शेवटी वळू, कारण त्या एका चुकीसाठी हा लेख लिहावासा वाटला.

मुळात माणसे इतकी मूर्खासारखी वागतात का, हा प्रश्न आधी तपासला पाहिजे. त्यासाठी चित्रपट थोडा वेळ बाजूला ठेवू आणि मुंबईला जाऊ. सन १९८७, मार्च महिना. टाइम्स ऑफ इंडियात एक जाहिरात येते, गुप्तचर आणि सुरक्षा अधिकारी होण्यासाठी तडफदार पदवीधर हवेत. मुलाखती कुठे, तर ताजमहाल हॉटेलात. स्वतःला सीबीआयचा अधिकारी म्हणवणारा एक इसम मुलाखती घेतो आणि २६ जणांची निवड करतो. १९ मार्चला तो या २६ जणांना बसमध्ये घालून ऑपेरा हाऊसजवळच्या त्रिभुवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेतो आणि सांगतो, हा छापा म्हणजे तुमची परीक्षा आहे. दुकानदारांना सांगतो, हा छापा आहे. दागिन्यांचे ‘नमुने’ आणि रोकड तो सीलबंद करतो, नव्या भरतीच्या मंडळींना पहारा द्यायला सांगतो आणि माल घेऊन निघून जातो. किंमत ३० ते ३५ लाखांच्या घरात. पोरे बिचारी इमानेइतबारे पहारा देत उभी. बऱ्याच वेळाने कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. तो इसम कोण होता, हे आजतागायत कळलेले नाही.

या हकिगतीत किती जणांनी एक साधा प्रश्न विचारायचा राहिला, ते मोजून पाहा. सीबीआय कधी हॉटेलात भरती करते का, हे २६ पदवीधरांपैकी एकानेही विचारले नाही. ओळखपत्राचा नंबर तपासून घेऊ, दिल्लीला फोन करू, असे मुंबईतल्या मुरलेल्या व्यापाऱ्यांच्या मनात आले नाही. एखाद्या लेखकाने हे आपल्या मनाने लिहिले असते, तर आपण पुस्तक मिटून ठेवले असते.

त्याच्याही आधी, २४ मे १९७१ रोजी, दिल्लीत संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य रोखपालांना फोन आला. पलीकडचा आवाज म्हणाला, पंतप्रधान बोलत आहेत, बांगलादेशच्या गुप्त कामासाठी ६० लाख रुपये एका माणसाच्या हवाली करा, तो अमुक सांकेतिक शब्द उच्चारेल. रोखपालांनी तिजोरीतून रक्कम काढली, मोटारीत घातली आणि रस्त्यावर त्या माणसाच्या स्वाधीन केली. पावती घ्यायला ते पंतप्रधानांच्या निवासस्थानी गेले, तेव्हा कळले की असा फोन कोणी केलाच नव्हता. नगरवाला प्रकरण म्हणून ते गाजले. साठ लाख रुपये, तेही १९७१ सालचे, आणि हाती कागदाचा कपटा नाही! आयुष्यभर नोटा मोजलेल्या माणसाने हे केले.

हे जुन्या जमान्याचे झाले, असे म्हणून हसू नये. २०२४ साली लुधियानाच्या एका नामांकित उद्योगसमूहाच्या अध्यक्षांना व्हिडिओ कॉलवर सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी दाखवून ७ कोटी रुपयांना फसवले गेले. खोटे न्यायालय, त्यात खोटे सरन्यायाधीश. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावे लागले, की ‘डिजिटल अरेस्ट’ असा काही प्रकार कायद्यात नाही. फसलेल्यांत डॉक्टर आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, प्राध्यापक आहेत. अडाणी माणूस बहुधा म्हणाला असता, ‘येऊन पकडा की!’

सांगायचा मुद्दा असा, की शहाणी माणसे मूर्खासारखी वागतात हे सिद्ध करायला चित्रपटाची गरज नाही. अधिकाराचा दरारा, लाज, घाई आणि आपल्या माणसासाठी वाटणारी भीती, यांपैकी एक जरी मानगुटीवर बसली, तरी पदव्या कामाला येत नाहीत.

आपल्या बडोद्याच्या रंगभूमीला तर हे शंभर वर्षांपूर्वीपासून ठाऊक आहे. गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ साली पहिल्यांदा रंगमंचावर आणले ते बडोद्यात. गडकरी त्याआधी महिनाभरच निवर्तले होते. त्यातला सुधाकर काही मूर्ख नाही. हुशार, तल्लख, नावाजलेला वकील. असा माणूस दारूचा पहिला पेला ओठाला लावतो, हा निर्णय खरा का वाटतो? कारण त्याआधी कोर्टात त्याचा अपमान झालेला आपण जाणतो, त्याची सनद काही काळासाठी गेलेली आहे, आणि नेमक्या त्या घायाळ घटकेला तळीराम पेला घेऊन हजर आहे. सनद जाण्याचा प्रसंग काढून टाका आणि सुधाकरला आनंदात असताना पेला प्यायला लावा. त्याच क्षणी प्रेक्षक म्हणेल, असं कोणी करतं का? महाभारतात खुद्द धर्मराज द्यूताला बसतो, सर्वस्व हरतो, द्रौपदीमुळे सगळे परत मिळते, आणि वाटेतून बोलावणे येताच तो पुन्हा खेळायला मागे फिरतो. दुसऱ्यांदा! तरी महाभारत अविश्वसनीय आहे असे आपल्यापैकी कोणी म्हटल्याचे आम्ही ऐकलेले नाही. आपण त्याच्यावर चिडतो, हळहळतो. चिडणे आणि न पटणे यांत फरक आहे. वाद घालणाऱ्या पहिल्या गटाने तो ध्यानात घेतलेला नाही.

मग ‘घडलेले आहे’ एवढे सांगून चित्रपट सुटू शकतो का? अजिबात नाही. ऑपेरा हाऊसची चोरी घडली याला वर्तमानपत्र साक्षी आहे, म्हणून आपण मान डोलावतो. पडद्यावर ती साक्ष नसते. या चोरीवर नीरज पांडे यांनी २०१३ साली ‘स्पेशल २६’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी काय केले पाहा. जवाहिऱ्याचे दुकान त्यांनी शेवटासाठी राखून ठेवले. सुरुवातीला दाखवला तो एका मंत्र्याच्या बंगल्यावरचा खोटा छापा. मंत्र्याकडचा पैसा काळा, त्यामुळे चोरी झाली हे कळूनही तो तक्रार करायला धजत नाही. प्रेक्षकाला हे कारण सहज पटते. एकदा हे पटले, हुद्द्याचा आवाज चढला की समोरचा कसा गार होतो हे त्याने डोळ्यांनी पाहिले, की पुढे २६ पदवीधर फसलेले त्याला चालतात. जे खरे घडले होते ते खरे वाटावे म्हणून दिग्दर्शकाला इतका खटाटोप करावा लागला.

हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’मध्ये याचे फार सुंदर उदाहरण आहे. (हा चित्रपट लहानांसाठी नाही, मोठ्यांनी जरूर पाहावा.) कचेरीतील ४० हजार डॉलर घेऊन पळालेली तरुणी वाटेत पोलिसाच्या नजरेत भरते. घाबरून ती जुन्या मोटारींच्या दुकानात शिरते आणि आपली गाडी बदलून घेते, तेही रस्त्यापलीकडे तोच पोलीस उभा राहून बघत असताना! गाडी बदलण्यात आता काही अर्थ उरलेला नाही, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तिलाही कळत असावे. पण घाबरलेल्या माणसाने हातात घेतलेले काम त्याच्याने मध्येच सोडवत नाही. चोर असो वा साव, परीक्षेत वेळ संपत आल्यावर चुकीचे गणित तसेच पुढे रेटणाऱ्या विद्यार्थ्याला ही बाई लगेच ओळखू येईल.

बाबूराव अर्नाळकरांचा इथे उल्लेख केला नाही, तर आमच्या पिढीचे वाचक रागावतील. हजाराहून अधिक रहस्यकथा त्यांनी लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू यांच्या त्या पुस्तकांतले खलनायक काही कमी चुका करत नसत. तिथे आम्ही कधी तक्रार केली नाही, कारण वेगाचे वचन देणाऱ्या पुस्तकाकडून आम्ही वेगाचीच अपेक्षा धरली. ‘दृश्यम’ मात्र आपल्याला सांगतो, की हे तुमच्यासारखेच घर आहे. असे सांगणाऱ्याची झाडाझडती अधिक कडक व्हायला हवी, हे आम्हाला मान्य आहे.

तशी ती घेतली तर आमच्या मते या मालिकेत मूर्खपणापेक्षा अतिशहाणपणाच जास्त खटकतो. पहिल्या भागात विजयने रचलेला बनाव कल्पक आहे आणि तो माणसाच्या स्मरणशक्तीवर आधारलेला आहे. बसचा कंडक्टर, हॉटेलमालक, चित्रपटगृहातला माणूस यांना आपण कोणत्या तारखेला दिसलो, हे तो बोलता बोलता त्यांच्या मनावर ठसवतो. आपल्याकडे पादऱ्याहून कोणी बडोद्याला गेला, सेवउसळ खाऊन आला आणि महिनाभराने दुकानदाराला विचारले की हा मंगळवारी आला होता की गुरुवारी, तर दुकानदार तरी काय सांगणार? गिऱ्हाईक स्वतःच चार वेळा मंगळवार म्हणाले असेल, तर तो मंगळवारच म्हणेल. हे पटते. पण २०२२ साली आलेल्या दुसऱ्या भागात हाच विजय वर्षानुवर्षे पुढचा विचार करून ठेवतो आणि त्याचा एकही फासा उलटा पडत नाही. पत्नी नंदिनी शेजारणीशी विश्वासाने बोलून जाते आणि ती शेजारीण पोलिसांची हेर निघते, ही चूक आम्हाला त्या सबंध चित्रपटातली सर्वांत खरी गोष्ट वाटली. सात वर्षे पोटात गुपित घेऊन जगणारी बाई कधीतरी कोणाजवळ तरी बोलणारच. तिचा नवरा मात्र कधीच चुकत नाही, तिथे तो साळगावकर राहत नाही आणि आमचा विश्वास सुटतो. गंमत म्हणजे, ‘मूर्खपणा पटला नाही’ म्हणणाऱ्या गटातील एकाही विद्यार्थ्याला हे खटकले नव्हते. नायकाची हुशारी आपण तपासून घेत नाही.

देशोदेशी याच कथेचे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ साली चीनमध्ये तिच्यावर चित्रपट निघाला आणि तिथला बाप शेवटी स्वतःहून गुन्हा कबूल करतो. प्रसंग तोच, संकट तेच. आपल्याकडे तो शेवट पहिल्या भागाला लावला असता तर किती जणांना पटला असता, याचा विचार मोठ्यांनीच करावा.

आता अंजू. वर्गातल्या वादात सर्वांत जास्त बोलणी तिला बसली. ‘तिने पहिल्याच दिवशी वडिलांना सांगायला काय झालं होतं?’ हा प्रश्न मुलांनी विचारला, मुलींनी विचारला आणि, आश्चर्य म्हणजे, मोठ्यांनीही विचारला. बाप प्रेमळ आहे, लेकींवर जीव टाकणारा आहे, रागीट नाही. अशा बापाला मुलगी सांगत नाही, हे लेखकाने कथा पुढे जावी म्हणून केले, असा आरोप.

आम्हाला हा आरोप मुळीच मान्य नाही. संपूर्ण चित्रपटात याहून विश्वसनीय असे काही नाही. शाळेत इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला एवढे कळते, की रागीट बापाला मुले भीतीने सांगत नाहीत आणि प्रेमळ बापाला त्याचे मन मोडेल म्हणून सांगत नाहीत. परिणाम एकच. ‘बाबांना सांगू नको हं’ हे वाक्य आपल्यापैकी कोणाच्या घरात बोलले गेलेले नाही? फुटलेल्या बरणीपासून नापास झालेल्या विषयापर्यंत त्याचा सराव आपण मुलांना लहानपणापासून देतो. पुढे प्रकरण मोठे असते, तेव्हाही तोंडातून तेच निघते. शिवाय आपल्यासारख्या लहान गावात, जिथे भाजी घेताना तीन जण ‘घरी सगळे मजेत ना?’ असे विचारतात, तिथे मुलीच्या बाबतीत काहीही झाले की आधी तिलाच विचारले जाते, ‘तू तिथे गेलीसच कशाला?’ शिबिराला जाणे बंद, मोबाईल काढून घेतला, बडोद्याच्या क्लासला जायचे तर भाऊ सोबत. चूक दुसऱ्याची, शिक्षा हिला. हा हिशेब चौदा-पंधरा वर्षांची मुलगी मनातल्या मनात क्षणात करते आणि गप्प बसते. तिच्या दृष्टीने पाहिले तर तो मूर्खपणा नाहीच. आपल्या घरांकडून ती जे शिकली त्यावरून काढलेले ते अगदी बरोबर उत्तर आहे. त्या उत्तराचा फायदा घेणारा मुलगाही ते जाणून असतो, म्हणून तर तो धमकावू शकतो.

तेव्हा अंजूचे वागणे पटत नाही असे एखादा पालक म्हणाला, की आम्हाला वाटते, यांच्या मुलांनी यांना काय काय सांगितले नसेल कोण जाणे.

पालकहो, एवढी कटुता आली त्याबद्दल राग मानू नये. विश्वस्त मंडळींपुढे आमची एक मागणी आहे आणि तिला फारसा खर्चही नाही. शाळेने एक शिक्षिका आणि एक शिक्षक असे दोघे ठरवून द्यावेत, ज्यांच्याकडे कोणत्याही विद्यार्थ्याने काहीही सांगितले तरी पहिल्या दिवशी रागावणे नाही आणि लगेच घरी फोन नाही. पुढे काय करायचे, कोणाला आणि कसे सांगायचे, ते मुलाला विश्वासात घेऊन ठरेल. मुलाला धोका असेल तर मात्र दिरंगाई न करता, आणि तेही त्याला सांगूनच. दोघांची नावे फलकावर लावावीत. त्याच फलकावर मुलांच्या मदतीचा १०९८ आणि सायबर गुन्ह्यांच्या तक्रारीचा १९३० हे क्रमांकही मोठ्या अक्षरांत असावेत. मोबाईलवरून धमकावले जात असेल तर संदेश पुसून टाकू नयेत, पैसे देऊ नयेत, एकट्याने भेटायला तर मुळीच जाऊ नये, हे पाचवीपासून प्रत्येक वर्गात सांगितले जावे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी थोडा गृहपाठ. ‘दृश्यम’मधला एक प्रसंग बदलून लिहा. शिबिराहून आल्यावर तो मुलगा पहिल्यांदा धमकावतो, त्याच संध्याकाळी अंजू घरी येते आणि विजयला सगळे सांगते. विजय काय म्हणतो? त्याचा चेहरा कसा होतो? आई काय करते? धाकटी अनू कुठे असते? अट एकच, वाचणाऱ्याने ‘असं कोणी करतं का?’ असे म्हणता कामा नये. म्हणजे बाप एकदम देवासारखा शहाणा दाखवून चालणार नाही. तो आधी चिडेल, चुकीचे काहीतरी बोलेल, मग सावरेल. हे लिहिणे वाटते तितके सोपे नाही. एका विद्यार्थ्याने आताच कुरकुर केली आहे, की असे झाले तर चित्रपट वीस मिनिटांतच संपेल. संपू दे. दोन पाने पुरेत. नाव घालायचे नसेल तर घालू नये. लेख दिवाळीच्या सुट्टीपूर्वी वर्गशिक्षकांकडे द्यावेत. निवडक चार आम्ही पुढच्या अंकात छापू. पालकांनी लिहिले तर तेही घेऊ.